हद्दीबाहेरची चूल

माझे सासरे आमच्या इमारतीत चुलीवरच्या स्वयंपाकाचे दर्दी म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्यांना चूल पेटवता येत नव्हती. गच्चीवरून धुराचा लोट निघाला की खाली हातगाडीवरचा भाजीवाला म्हणायचा, "पाटीलसाहेबाचा सैपाक चालू झाला वाटते." स्वयंपाक चालू झालेला नसायचा. चालू झालेला असायचा तो फक्त धूर. पण रस्त्यावर उभं राहून वर पाहणाऱ्याला धुरातला आणि स्वयंपाकातला फरक कळत नाही, आणि सासऱ्यांची सगळी कीर्ती याच गोष्टीवर उभी होती.

आमच्या विदर्भात जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो, तसा मीही म्हणायचो. ते रामटेकच्या पलीकडच्या एका धानाच्या गावाचे पोलीस पाटील होते. पद जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत नीट पोचली नसावी. जगातली प्रत्येक गोष्ट ते हद्दीच्या मापाने मोजायचे. लग्नात दोन व्याही भांडायला लागले की आधी विचारायचे, मांडव कोणाच्या हद्दीत आहे. टीव्हीवर दूरच्या देशातल्या युद्धाची बातमी लागली की थोडा वेळ पाहायचे आणि "हे आपल्या हद्दीतलं नाही" म्हणून पाठ फिरवून झोपायचे. पांढरं धोतर, बिनइस्त्रीचा सदरा आणि सदऱ्याच्या खिशाला एक पेन. ते उमटत नव्हतं, पण कुणी सही मागत नसल्याने चालून जायचं.

त्यांच्या गावाकडच्या जुन्या घरांतून एक रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. नातवंडाच्या बारशाला गोड घास खाल्ला की रीत सुटते. बहुतेक बापांची ती लवकरच सुटते आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. माझ्या बायकोला, नंदाला, आणि मला मूल झालं नाही, त्यामुळे मामाजींची रीत सुटायची राहून गेली. ते नागपूरला आमच्याकडे यायचे, दिवसभर बसायचे, फडक्यात बांधून आणलेली भाकर सोडून खायचे आणि गावाहून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. आम्ही दोघं शेजारी बसून त्यांना जेवताना पाहायचो. लोणचं वाढायचीही सोय नव्हती.

मला लवकर अपराधी वाटतं. चौकात पोलिसाने दुसऱ्याच कुणाला थांबवलं तरी मी स्कूटर बाजूला घेतो. तपासण्या झाल्यावर दोष माझ्यात आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नंदा म्हणाली की हे आपल्या दोघांतच राहू दे. पण नंदाला कुणी बोल लावू नये म्हणून मी पुढच्याच रविवारी एसटीने गावी गेलो आणि मामाजींना सगळं सांगून टाकलं. ते ओट्यावर बसून शांतपणे ऐकत होते. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "बरं. चला, तुमाले विहिरीवरची नवी मोटार दाखवतो." मोटार पाहिली. त्यांनी ती चालू करून दाखवली, बंद करून दाखवली, पुन्हा चालू केली. परत निघताना एसटीत मला खिडकीची जागा मिळावी म्हणून ते कंडक्टरशी भांडले. त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यावर मामाजी गावात एकटे पडले. एकदा बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा नंदा जाऊन त्यांना घेऊनच आली. ती एकुलती एक. त्यांचं अंथरूण कुठे, कपडे कुठे, सगळं ठरलं. ते जेवणार काय, हे कुणी बोलत नव्हतं. सोबत आणलेल्या मुरमुऱ्या-फुटाण्यांवर त्यांनी थोडे दिवस काढले. नंदा स्वयंपाकघरात भात टाकायची आणि रडायची. मग एका सकाळी ते जिना चढून गच्चीवर गेले आणि वरून मला हाक मारली.

"जवाईबुवा, हे गच्ची कोनाची होय?"

"सोसायटीची, मामाजी."

"म्हणजे तुमची नाही."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सोसायटीचा सचिव मीच आहे, आणि चुकीची माहिती देणं मला जमत नाही. मी म्हणालो, "तसा आठवा हिस्सा आमचा आहे."

नंदा माझ्या मागोमाग वर आली होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. मामाजींनी मात्र मुद्दा मनावर घेतला.

"कोनता आठवा?"

"असा वेगळा काढलेला नाही."

"मंग काढा."

शेवटी त्यांनी स्वतःच काढला. आमचं घर पूर्वेकडचं, म्हणून पूर्वेचा कोपरा आमचा. तिथे त्यांनी विटेच्या तुकड्याने रेघ ओढली आणि रेघेपासून सगळ्यात लांबच्या, पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. "हे झालं हद्दीबाहेर. इथं म्या रांधलं तं म्या माह्या घरी रांधलं. तुमचा संबंध नाही."

पश्चिमेच्या कोपऱ्याखाली मिश्रा भाभींचं घर होतं.

दुसऱ्याच दिवशी कुंभाराकडून मातीची चूल आली, विटांच्या थरावर बसली, वर टिनाचा पत्रा लागला. धान्य गावाहून आलं. पाण्याचा माठही वरच ठेवला आणि टाकीतून भरला, कारण टाकीतलं पाणी महानगरपालिकेचं होतं, आमचं नव्हतं. लोकांना सांगायला मामाजींनी कारणही तयार ठेवलं होतं. "गॅसवरच्या अन्नाले चव नाही राहत. त्यानं मले गॅस होते. आमाले लहानपनापासून चुलीचीच सवय." रीतीबद्दल ते इमारतीत कुणाशी बोलले नाहीत. बोलले असते तर पुढचा प्रश्न आमच्या मुलाबाळांवर आला असता. तेव्हा लेकी-जावयावर कुणाचं बोट येऊ नये म्हणून या गृहस्थांनी खवय्या व्हायचं पत्करलं, आणि एकदा पत्करल्यावर मग मागे पाहिलं नाही.

अडचण अशी की आयुष्यभर त्यांनी चुलीचा अनुभव घेतला होता तो पलीकडच्या बाजूने, पाटावर बसून. पेटवायच्या आत्याबाई. त्या पेटवताना मामाजींना जे ओरडायच्या ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, आणि तेच आता ते स्वतःचं म्हणून सांगायचे. "लाकूड अन् मानूस, दोघाच्याही मधात हवा पायजे," असं म्हणत ते चुलीत लाकडं अशी ठासून भरायचे की मुंगीला वाट राहू नये. "तोंडानं नाही फुकाव, फुकनीनं फुकाव," असं बजावत गाल फुगवून तोंडानेच फुंकायचे, आणि राख उडून मिशीवर बसायची. "रात्री इस्तो राखेत झाकला का सकाळी काडी लागत नाही," हेही ठरलेलं. विस्तव ते झाकायचेही अगदी मन लावून. पण सकाळी राख उकरली की खाली निखाऱ्याऐवजी विटा लागायच्या, आणि मामाजी माझ्याकडे काडीपेटी मागायचे. आमच्या घरातल्या काड्या चालत, त्या खाद्यपदार्थ नसल्यामुळे.

"हे सगळं आई त्यांना ओरडायची तेच आहे," नंदा मला खाली येऊन सांगायची. "फक्त शेवटचं ‘तुमाले किती डाव सांगू’ तेवढं गाळतात."

सरपणाची तऱ्हाही तशीच. गावाहून तुराट्यांचा भारा एसटीच्या टपावरून यायचा तोवर ठीक होतं, तुराट्या भुरभुर पेटायच्या. तो संपला की मामाजी लकडगंजातल्या आरामशिनीवर जाऊन उरलेले तुकडे आणायचे. त्यात कधी सागवान असायचं, कधी काय असायचं देव जाणे. एकदा प्लायवूड निघालं. त्या दिवशीच्या भाकरीला कपाटाचा वास होता. मामाजींनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, बोटं चाटली, आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "हे चव गॅसवर येनार आहे का?"

कुणीही मान्य केलं असतं की नाही येणार.

एका पदार्थात मात्र ते खरोखर तरबेज होते, आणि तो म्हणजे वांग्याचं भरीत. वांगं जळावंच लागतं आणि धूर लागला तर बिघडत नाही, उलट सुधारतं. मामाजींच्या सगळ्या चुका या एका पदार्थात गुण होऊन बसायच्या.

या भरिताने आम्हाला एका मोठ्या प्रसंगातून सोडवलं. एका दुपारी मिश्रा भाभी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात ताट, ताटात उडदाचे पापड, रंगाने जरा तपकिरी झालेले. "भैया," त्या मला म्हणाल्या, "सुखाने डाले थे, आपके ससुरजी ने सेंक के दे दिए. और ये आँख देखो मेरी. आप सेक्रेटरी हो, आपही कुछ करो."

मी सचिव म्हणून शरमलो, जावई म्हणून शरमलो आणि त्या दोघांना घेऊन वर गेलो, म्हणजे मिश्रा भाभींना आणि पापडांना. जिना चढताना मला एकच दिसत होतं. चूल बंद झाली तर मामाजी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गावी जातील, रिकाम्या घरात राहतील आणि पुन्हा कुठल्यातरी बांधावर पडतील. तक्रार मी मांडली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे जरा जास्तच प्रामाणिकपणे मांडली. मिश्रा भाभी जे बोलायला विसरल्या होत्या तेही मी बोललो.

मामाजींनी पाटीलकीच्या थाटात सगळं ऐकून घेतलं. पापड हातात घेऊन उजेडात धरला, वास घेतला. मग म्हणाले, "बाई, तुमची तक्रार बराबर आहे. बसा. आधी दोन घास खाऊन घ्या, मंग पंचनामा करू."

त्यांनी चुलीतून नुकतंच काढलेलं वांगं सोललं, कांदा-मिरची घालून कुस्करलं, वर तेल सोडलं आणि भाभींच्या पापडाच्या ताटातच एका बाजूला वाढलं. भाभींनी एक घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते धुराने होतं की चवीने, हे मी आजही सांगू शकणार नाही. "अंकल," त्या म्हणाल्या, "ये तो हमारे गाँव का स्वाद है." पंचनामा झाला नाही. पुढच्या बाजाराला त्यांनी चार वांगी वर पाठवली, त्यांच्या सुनेने चुलीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला, आणि इमारतीत असं ठरून गेलं की पाटीलसाहेबांच्या चुलीची सर कशाला नाही. भाभींनी एवढंच ठरवून घेतलं की पापड वाळत असतील त्या दिवशी त्यांना आधी सांगायचं.

नंदाला या चुलीचा वेगळाच फायदा झाला. एक दिवस बापाचे डोळे पाहवेनात म्हणून ती वर गेली आणि फुंकणी हातात घेऊन बसली. मामाजींनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "लेक बापाच्या चुलीपाशी बसली तं काही हरकत नाही. हे तं तुहं माहेर झालं वं." तेव्हापासून शाळेतून शिकवून आली की ती पर्स खाली टाकायची, मला "माहेरी जाऊन येते" म्हणायची आणि जिना चढायची. वर बापलेकीच्या गप्पा रंगायच्या. खाली मी एकटा चहा करून प्यायचो. कधी भांडण झालं तर ती रागाने माहेरी निघूनही जायची, आणि अर्ध्या तासाने वरून ओरडून विचारायची, दूध तापवलं का.

दिवाळीत मामाजींनी मला रीतसर आमंत्रण दिलं. मी आंघोळ करून, नवे कपडे घालून माझ्याच इमारतीच्या गच्चीवर सासरी गेलो. त्यांनी मला पाटावर बसवलं, टिळा लावला, दुपट्टा-टोपी दिली आणि जळक्या भाकरीसोबत भरीत वाढलं. "घ्या, जवाईबुवा, लाजू नका. आपलंच घर समजा," ते म्हणाले. पलीकडे पूर्वेच्या कोपऱ्यात विटेच्या तुकड्याची रेघ दिसत होती. मी पाट वळवून तिच्याकडे पाठ केली आणि जेवलो.

मी एकदा न राहवून विचारलंच. नंदा शाळेत होती, मामाजी चुलीत लाकूड सारत होते. "मामाजी, आम्हाला मूल असतं तर तुम्हाला हा त्रास झाला नसता ना?"

"काय बोलून राहिले तुमी?" ते चुलीकडेच पाहत म्हणाले. "तरास कोनाले आहे? मले आवड आहे." आणि त्यांनी एवढ्या जोरात फुंकर मारली की आमच्या दोघांच्या मध्ये धुराची भिंत उभी राहिली. धूर विरला तेव्हा ते जरा वेगळ्या आवाजात बोलले.

"गावात एक मानूस होता. त्याच्या पोरीले लेकरू नोतं. तो तिच्याकडे जाऊन जेवून आला, असं कानावर आलं. म्या पाटील. भर पंगतीत ईचारलं त्याले, काहून गा, पोरीच्या घरची भाकर गोड लागली का? सारे हासले. तो ताटावरून उठून गेला. मंग कोनाच्याच पंगतीले आला नाही." त्यांनी एक लाकूड काढलं, पुन्हा तसंच ठासलं. "आता माह्याबद्दल आमचा दादा ईचारन. तो म्हातारा पंगतीतच ईचारते. त्याले काय सांगू?"

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, नंदाचे मोठेबाबा. गावातल्या सगळ्या रीतींचा हिशोब त्यांच्याकडे असायचा. मला तेव्हा कळलं की मामाजींचा जीव चुलीत नव्हता. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात होता. ज्या पंगतीतून त्यांनी एकाला उठवलं होतं, त्याच पंगतीत त्यांना मान खाली घालायची नव्हती. रीत निर्दय आहे हे त्यांना आता कळलं होतं, पण दुसऱ्याला लावलेली रीत स्वतःला न लावणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं.

पुढे त्यांचं हृदय अशक्त झालं. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मग नंदा वर जाऊन रांधायची आणि झाकलेलं ताट खाली आणायची. मामाजी पलंगावरून विचारायचे, "धूर झाला का वं?" ती म्हणायची, "झाला, बाबा." तिला फसवता आलं असतं. गॅस तिथेच होता, पावलाच्या अंतरावर. पण बापाला फसवणं हे लेकीचं काम नव्हे, जावयाचं आहे, असा त्या दोघांचाही समज असावा. मला मात्र कुणी तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

श्रावणात नंदाला ताप आला. ती आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली आणि चुलीचा ताबा माझ्याकडे आला. झड लागलेली होती. पत्र्याला भोक पडून चुलीत पाणी साचलं होतं, तुराट्या भिजून दोरीसारख्या झाल्या होत्या. लाकूड आणि माणूस यांच्या मध्ये हवा ठेवून मी पाहिलं, हवा न ठेवताही पाहिलं. जुनी वर्तमानपत्रं जाळली. कागद जळायचा, लाकूड नुसतं सुस्कारायचं. काडीपेटी संपली. दुपार कलली. खाली मामाजींची गोळी जेवणावर अडून राहिली होती.

मी खाली आलो आणि गॅसवर खिचडी टाकली.

ताट घेऊन मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा माझ्या डोक्यावरून पाणी निथळत होतं आणि कपड्यांना धुराचा वास होता. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काही न विचारता ताट मांडीवर घेतलं आणि घास उचलला. खिचडीची वाफ त्यांच्या चष्म्यावर धरली होती. ते खाणार होते.

"मामाजी," मी म्हणालो, "हे गॅसवरचं आहे."

त्यांनी घास ताटात ठेवला. चष्मा काढला. माझ्याकडे ते असे पाहू लागले जसं गावचा पाटील मुद्देमालासकट स्वतःहून हजर झालेल्या चोराकडे पाहील.

"सांगतलं काहून?"

"खोटं कसं बोलू?"

"बोला म्हनते कोन? चुप राहाले काय झालं होतं? आंगाले धूर लागून आहे, डोस्क्यावरून पानी गळून राहिलं, नाकाले काजळी आहे. म्या ईचारलं का तुमाले काही?"

"नाही."

"मंग! न ईचारता सांगते का मानूस? अरे, म्या कवाचा वाट पाहून राहिलो का हे दोघं मले कवा फसवतीन!"

आतल्या खोलीतून नंदाचा तापलेला आवाज आला. "यायच्यानं नाही होत ते, बाबा. म्या लय डाव इशारे करून पाह्यले."

"बरं मानूस आहे तुहा नवरा," मामाजी तिकडे तोंड करून ओरडले, "पन कामाचा नाही!"

मी ताट परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं. वाफ कमी होत चालली होती. त्यांना भूक लागली होती हे दिसत होतं. मी खोटं बोललो असतो तर हा म्हातारा आता सुखाने जेवत असता, आणि मी खरं बोललो म्हणून उपाशी होता. या जगात माझ्यासारख्याने वागावं तरी कसं, असा विचार माझ्या मनात चालू असताना त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं.

"जा. वर न्या. चुलीवर ठेवा."

"चूल विझलेली आहे, मामाजी. आत पाणी आहे."

"पेटली आहे का ईझली आहे, हे कोनं ईचारलं तुमाले? चुलीवर ठेवा, अन् घेऊन या."

मी ताटावर ताट पालथं घातलं, छत्री घेतली आणि जिना चढलो. ओल्या चुलीच्या तीन खुरांवर ताट ठेवलं. किती वेळ ठेवायचं हे विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून जरा जास्तच वेळ ठेवलं. समोर मिश्रा भाभींची दोरी होती, तिच्यावर एक चिमटा पावसात हलत होता. मग खाली आलो.

मामाजी उठून, पाठ ताठ करून बसले होते.

"ताट कुठून आनलं?" त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं. हा आवाज पाटीलकीचा होता.

"गच्चीवरच्या चुलीवरून."

"हं." त्यांनी ताट घेतलं आणि गार खिचडी शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. "चव आहे," ते म्हणाले. "धुराची."

त्यानंतर त्यांचं सगळं जेवण आमच्या स्वयंपाकघरात झालं, आणि प्रत्येक ताट गच्चीवर जाऊन आलं. नंदा बरी झाली तरी ताट नेण्याचं काम माझ्याकडेच राहिलं. ती न्यायला निघाली की ते म्हणायचे, "जवाईबुवाले नेऊ दे. त्यायलेच नेलं पायजे." मीच का, हे मला तेव्हा समजलं नाही. मला वाटलं, खरं बोलल्याची ती शिक्षा आहे, आणि शिक्षा मला नेहमीच पटते. वर जाऊन खाली येईपर्यंत वरणावर साय धरायची. चूल पुन्हा कधी पेटली नाही. इमारतीतल्या लोकांनी विचारलं की मामाजी सांगायचे, आता धूर कमी होते, हात बसला.

थंडीत एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत.

तेरवी गावी झाली. पंगत अंगणात बसली होती. मोठेबाबा माझ्या शेजारी, काडीसारखे वाळलेले, पण आवाज अख्ख्या आळीला पुरेल एवढा. नंदा वरणाची बादली घेऊन वाढत होती. दोन घास झाल्यावर मोठेबाबांनी मान वळवली.

"काहून गा जवाई, आमच्या भावानं शेवटी पोरीच्या घरचं अन्न खाल्लं का?"

सगळ्यांचे हात थांबले. नंदा बादली धरून जागीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. तिचा नवरा आता तोंड उघडणार होता.

आणि मला उत्तर शोधावं लागलं नाही. ते माझ्यासाठी आधीच कुणीतरी तयार करून ठेवलं होतं, रोज दोन वेळा जिना चढायला लावून पाठ करून घेतलं होतं.

"नाही, मोठेबाबा," मी म्हणालो. "त्यांचं प्रत्येक ताट गच्चीवरच्या चुलीवरून आलं. मी स्वतः आणून दिलं."

"आयकलं का रे?" मोठेबाबांनी पंगतीवरून नजर फिरवली. "हा जवाई खोटं बोलत नाही, साऱ्यायले माहीत आहे. याले म्हनते रीत." माना हलल्या, हात पुन्हा चालू झाले, कुणीतरी मीठ मागितलं.

थोड्या वेळाने मोठेबाबा माझ्याकडे झुकले. आता आवाज फक्त माझ्यापुरता होता.

"गच्चीवरून आनंपर्यंत थंडं होत असन ना गा?"

"व्हायचं."

"त्याले भात वाफेचाच लागे. लहानपनापासून. जरासा थंडा झाला का ताट सरकवून दे. माय मारे त्याले, तरी सरकवून दे."

"आमच्याकडे कधी सरकवलं नाही," मी बोलून गेलो.

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर, बादली घेऊन उभ्या असलेल्या नंदाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, मिटले. त्यांनी ताटातला भात बोटांनी उगाच एका बाजूला गोळा केला.

"नंदे," ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "इकडे ये वं. जवाईले वरन वाढ. गरम पाहून वाढ."